चौदा अटी आणि एक डबा

महालक्ष्म्यांसाठी तीन दिवसांची सुट्टी मागितली तेव्हा माझी इंग्रज साहेबीण ताबडतोब हो म्हणाली, आणि मला तिचा भयंकर राग आला. नाही म्हणाली असती तर एवढा आला नसता. 'अवश्य घ्या,' असं तिने लिहिलं होतं, 'सातवा धडा त्याआधी माझ्या हाती आला तर, आणि मधे काही अडलं तर तुम्ही फोन उचलणार असाल तर.' एका होला दोन तर. बाई, सुट्टी देतेस की कोर्टातून जामीन, असं मी स्क्रीनकडे बघत पुटपुटले आणि शिजत आलेलं पुरण ढवळायला आत गेले.

वीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवून झाल्यावर मला हे काम मिळालं होतं. मराठी माणसांसाठी इंग्रजीचे धडे तयार करणारी इंग्लंडमधली एक छोटी संस्था. धडे ती बाई लिहायची आणि मराठी माणसाचं डोकं त्यात कुठे अडकेल ते मी सांगायचं. आमच्या सिडकोतल्या घरात दुपारचा दीड वाजला की तिकडे सकाळचे नऊ वाजायचे. मी जेवणाचा ओटा पुसून संगणकापुढे बसायचे आणि ती चहाचा मग घेऊन समोर यायची. माणूस म्हणून ती गोड होती, हे मला मान्य करावंच लागेल.

गंमत म्हणजे तो सातवा धडा नेमका अटींचाच होता. हो म्हणताना इंग्रज माणूस सोबत अट कशी घालतो, याचा. त्यांच्याकडे त्यासाठी कपाटभर शब्द आहेत आणि प्रत्येकाची वेळ ठरलेली आहे. 'अ‍ॅज लाँग अ‍ॅज' हा घरातला शब्द. आई मुलीला गाडीची चावी देते, पण आठच्या आत घरी यायचं, तेव्हाचा. 'प्रोव्हायडेड' हा इस्त्री करून ऑफिसला निघालेला. 'ऑन कंडिशन' म्हटलं की समजावं, दोन्ही पक्ष खुर्चीत ताठ बसलेत. 'अनलेस' म्हणणारा हो म्हणतानाच परत फिरायची वाट बघून ठेवतो. आणि 'सब्जेक्ट टू' आला की तिथे माणूस उरलेलाच नसतो, नुसता कागद बोलतो. बँकेत, विमानाच्या तिकिटावर, पावतीच्या मागच्या बारीक अक्षरात.

मी तिला विचारलं की बाई, तुम्हाला नुसतं हो म्हणता येत नाही का. ती म्हणाली, येतं, पण ते धोक्याचं. अट त्याच श्वासात सांगितली की समोरच्याला कळतं आपण कशाला राजी होतोय. हो म्हणून झाल्यावर मागाहून जी अट येते ती त्यांच्याकडे धरतच नाहीत. तशी घालणं म्हणजे लबाडी.

यावर मला आमच्याकडची पद्धत सांगावी लागली. आमच्याकडे हो हा अख्खा असतो. चहा होतो, पोहे होतात, मुलाबाळांची चौकशी होते. मग पाहुणा उठतो, एक पाय चपलेत घालतो, आणि तेव्हा यजमान म्हणतात, 'हां, एक सांगायचं राहिलं.' अट तिथे असते. शेजारच्यांनी आम्हाला हळदीसाठी त्यांची गच्ची आनंदाने दिली होती, आणि डीजे लावायचा नाही हे आम्ही जिना उतरत असताना त्यांनी सांगितलं. गुलमंडीतल्या दुकानदाराने माझी साडी बदलून द्यायचं कबूल केलं, आणि मी पायरीवर आल्यावर मागून हाक मारली की ताई, फॉल-पिको केलेली चालत नाय हां. माझ्या वडिलांनी मला कॉलेजच्या सहलीला जायला परवानगी दिली ती मंगळवारी, आणि धाकट्या भावाला सोबत न्यायचं हे मला बस सुटायच्या सकाळी कळलं.

इंग्रज बाई खूप हसली. मग तिने विचारलं की असं असेल तर बोलणी संपली हे तुम्हाला कळतं कधी? मी म्हटलं, फाटकाची कडी वाजते तेव्हा. तिने ते लिहून घेतलं.

हे सगळं मी त्या दिवशी सासूबाईंना ऐकवलं. सासूबाई गंगापूरकडच्या, शेतकरी घरातल्या, आता बहात्तर वर्षांच्या. लसूण सोलत त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मागाहूनची अट इंग्रज लोक धरत नाहीत, हे त्यांनी मला दोनदा सांगायला लावलं. 'चांगलं हाय की,' एवढंच म्हणाल्या. त्या कोणतीही गोष्ट वाया जाऊ देत नाहीत, हे मी त्या वेळी विसरले.

पुढच्या फेब्रुवारीत साहेबिणीने मला बोलावलं. एप्रिलपासून आठ आठवडे तिकडे यायचं, दोघींनी एकत्र बसून सगळे धडे पुरे करायचे. मी जन्मात कधी विमानात बसले नव्हते. इंग्रजी शिकवलं वीस वर्षं, पण इंग्लंड बघितलं ते मुलांच्या पुस्तकातल्या चित्रात, तेही काळ्या-पांढऱ्या. मला जायचं होतं. मला इतकं जायचं होतं की मी ते दोन दिवस कुणाला बोलले नाही, बोललं की हातचं जाईल असं वाटत राहिलं. नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, आईला विचार. त्याला वाळूजच्या कारखान्यात शंभर माणसांचं काम तपासता येतं, पण घरात कशालाही त्याचं उत्तर 'आईला विचार' हेच.

सोमवारी सकाळी विचारलं. सासूबाई मेथी निवडत होत्या. त्यांनी वर बघितलंही नाही.

'जा की,' म्हणाल्या.

बस. मी वाट बघत राहिले. चपलेत पाय घातला, भाजी आणायला निघाले, मुद्दाम फाटकाशी रेंगाळले. एक सांगायचं राहिलं, असं काही आलं नाही. मंगळवारी आलं नाही. बुधवारी मी तीनदा बाहेर जाऊन आले, एकदा तर नुसती पिशवी घेऊन कोपऱ्यापर्यंत. काही नाही. अट आली असती तर मी सोसली असती. न आलेली अट किती मोठी असेल, याचा अंदाजच लागेना.

आणि तिथे मी ती चूक केली. पाच महिने इंग्रजांच्या अटी वाचून माझी बुद्धी तशी चालायला लागली होती. बुधवारी दुपारी मी वही आणि पेन घेऊन सासूबाईंसमोर बसले आणि म्हटलं, 'आई, तुमच्या काय अटी असतील त्या आत्ताच सांगा. मागाहून नको.'

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्याकडे घरभाडं मागितलंय. मग म्हणाल्या, 'लिही.'

सहा अटी त्यांनी एका दमात सांगितल्या, अगदी पाठ असल्यासारख्या. रोज फोन करायचा, पण जेवायच्या टायमाला नाही. थंडीत डोक्याला बांधायचं. गुरुवार मोडायचा नाही. अनोळखी माणसाच्या गाडीत बसायचं नाही. दारूच्या जागी पाऊल टाकायचं नाही. घरातलं काही परक्याला सांगायचं नाही, सांगायचंच झालं तर चांगलं तेवढं सांगायचं. मी खूश झाले. सहाच्या सहा सोप्या होत्या. सगळं कसं स्वच्छ, इंग्लंडसारखं.

पण अटी मागायला बसलेल्या बाईला आमच्या घरात कोण सोडतो? संध्याकाळी नवऱ्याने वही बघितली आणि त्याला एकदम आठवलं की आपलंही काही मत आहे. त्याने तीन घातल्या. पोळ्या लाटायला त्याला कुणी सांगणार नाही. वॉशिंग मशीनच्या प्रत्येक बटणावर मराठीत चिठ्ठी लावून जायची. आणि परत आल्यावर 'तिकडे असं असतं' हे वाक्य दिवसातून एकदाच वापरायचं. नऊ झाल्या. मला एवढं हसू आलं की मी तो कागद सुवाच्य अक्षरात उतरवून काढला, फोटो काढला आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. हौस, दुसरं काय.

पिशोरला मोठ्या मावशी असतात, सासूबाईंच्या थोरल्या बहीण. आई लवकर गेली तेव्हा त्यांनीच सासूबाईंना वाढवलं, त्यांचं लग्न लावून दिलं. आक्काचा शब्द सासूबाईंनी आजवर खाली पडू दिलेला नाही. मावशींना त्यांच्या सुनेने तो कागद वाचून दाखवला, आणि यादी चालू आहे म्हणजे आपलीही पाळी आहे, असं त्या समजल्या. गुरुवारी त्यांचा फोन आला. टिकली काढायची नाही. पॅन्ट घालायची नाही. सांजच्याला दिवा लावायचा, खोली भाड्याची असली म्हणून काय झालं. तिथल्या लोकांच्या घरी पाणी प्यायचं, पण शिजवलेलं खायचं नाही. या चार मी निमूट लिहून घेतल्या. मग चौदावी आली. 'नवऱ्याला संगं ने. एकली बाई जात नसती.'

नवऱ्याला एप्रिलमध्ये दोन दिवस सुट्टी मिळायची मारामार होती, आठ आठवडे तर विसराच. साहेबिणीला शुक्रवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. मी नवऱ्याकडे बघितलं. तो म्हणाला, मावशी म्हणाली म्हणजे अवघड आहे, आणि वर्तमानपत्र उघडून बसला. मी आत जाऊन भांडी घासली, घासलेली परत घासली. राग कोणाचा करायचा तेच कळेना. मागितल्या कुणी, ग्रुपवर टाकल्या कुणी? मीच. एक 'जा की' माझ्या पदरात पडलं होतं, पूर्ण, अख्खं, आणि मी त्याला चौदा भोकं पाडून बसले होते.

शुक्रवारी दुपारी सासूबाई ज्वारी निवडत बसल्या होत्या. हिवाळ्यात तिकडचं घड्याळ तासभर मागे जातं, म्हणून साहेबीण अडीचला यायची; त्याला अजून तासभर होता. मी त्यांच्यासमोर फतकल मारून बसले आणि म्हटलं की आई, सोमवारी तुम्ही नुसतं जा की म्हणालात. तेव्हा तुमच्या मनात या अटी नव्हत्या. मग बुधवारी सहा निघाल्या कुठून?

'तूच मागितल्या,' त्या म्हणाल्या. 'मागितल्यावर नाय कसं म्हणायचं? जुन्याच दिल्या.'

जुन्या म्हणजे?

सूप हलवत त्यांनी दोन खडे बाजूला काढले. 'थोरल्याला घातल्या होत्या. ह्याच सहा.'

माझे मोठे दीर कॅनडात असतात. गेले तेव्हा दोन वर्षांसाठी गेले होते. सतरा झाली. घरात त्याबद्दल कुणी वाईट बोलत नाही, कारण बोलण्यासारखं काही नाहीच. चांगला माणूस आहे.

'एक बी मोडली नाय त्यानं,' सासूबाई म्हणाल्या. 'रोज फोन करतो. जेवायच्या टायमाला कधीच नाय. बर्फातले फोटो येतेत, डोक्याला बांधलेलं असतं. गुरुवार करतो. समदं पाळतो.' मग बराच वेळ ज्वारी निवडत राहिल्या. 'तवापासून म्या अट घालायची सोडली. तू खामखा काढायला लावलीस.'

मला रडू आलं, आणि स्वतःचा राग तर इतका आला की काय करावं सुचेना. वही शेजारी पडलीच होती. मी ती ओढली आणि चौदाव्या अटीखाली पंधरावी लिहिली. आठ आठवड्यांनी परत येईन. त्यांना वाचून दाखवली.

'खोड ते,' त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, का? हीच तर खरी आहे.

'अट घातली तर तू अटीसाठी येशील.'

मी खोडलं. दुसरं काय करणार होते?

पोटातलं दुःख पोटात ठेवून लगेच पुढच्या कामाला लागणं सासूबाईंना चांगलं जमतं. त्यांनी सूप बाजूला ठेवलं, हात झटकले आणि पिशोरला फोन लावायला सांगितलं. स्पीकरवर. मी लावून दिला आणि हलकेच दाराआड झाले, कारण आक्काला नाही म्हणणाऱ्या सासूबाई मी पंधरा वर्षांत बघितल्या नव्हत्या.

'आक्का,' त्या म्हणाल्या, 'म्या जा म्हणलं सोमवारी. तू सांगितलं गुरुवारी. इंग्रजाकडं हो म्हणून झाल्यावर घातलेली अट धरत नसतेत. लबाडी असती ती.'

मावशी म्हणाल्या, 'इंग्रजाकडं मोठ्या बहिणीला इचारत नसतेत व्हय?'

'इचारतेत. पण आधी.'

त्यानंतर दोघी बहिणी वीस मिनिटं बोलल्या, त्यातली अठरा पावसावर आणि कपाशीच्या भावावर. चौदावी अट कुठे आणि कशी विरघळली मला कळलंच नाही. दिवा लावायची मात्र मावशींनी सोडली नाही, आणि पॅन्टचं थंडी बघून ठरवावं असं झालं. अडीचला साहेबीण समोर आली तेव्हा मी हो म्हटलं. ती वाट बघत होती, आता मराठी बाई आपल्या अटी सांगेल म्हणून. मी म्हटलं, नाही हो, काही राहिलं नाही.

आठवड्याभराने पिशोरहून येणाऱ्या कुणाच्या तरी हाती मावशींनी दोन किलो जवस पाठवली. रुसवा गेल्याचा हा त्यांचा निरोप. सासूबाईंनी जवस भाजली, लसूण-तिखट घालून चटणी कुटली. मी पिशव्या आणून ठेवल्या होत्या, त्या विमानातल्या सामानाच्या जाड, दुहेरी तोंडाच्या. थोरल्या दिरांना चटणी अशाच पिशवीत बांधून दिली होती, असं नवरा म्हणाला. सासूबाईंनी पिशव्या बाजूला सारल्या आणि मांडणीवरून स्टीलचा डबा काढला. शहरात आल्यावर गुलमंडीच्या भांड्याच्या दुकानातून घेतलेले त्यांचे सात डबे, उतरत्या मापाचे, प्रत्येकाच्या तळाला त्यांचं नाव कोरलेलं. त्यातला चौथा. मी म्हटलं, आई, वजन होईल. त्यांनी ऐकलं नाही.

निघायच्या सकाळी गाडी दारात आली. नवऱ्याने बॅगा ठेवल्या. मी पाया पडले, बूट घातले, फाटकापर्यंत गेले. कडीला हात लावला आणि मागून आवाज आला.

'एक सांगायचं राहिलं.'

मी जागच्या जागी थांबले. आता ती खोडलेली अट येणार, असं वाटलं, आणि यावी असंही वाटलं.

'डबा परत आणायचा,' सासूबाई म्हणाल्या. 'सात हायेत. मधला गेला तर मांडणीवर बरं दिसत नाय.'

आणते म्हटलं. आणि कडी काढली.

इंग्लंडचं मी इथे फार सांगत नाही, कारण नवऱ्याची नववी अट मी लेखनालाही लावून घेतली आहे. एवढंच सांगते की साहेबिणीला जवसाची चटणी वेड्यासारखी आवडली. लोणी लावलेल्या पावावर पसरून ती खायची आणि डोळे पुसत परत घ्यायची. सहाव्या आठवड्यात चटणी संपली, तेव्हा तिने डबा हातात धरून विचारलं की हा मी चहापत्तीला ठेवून घेऊ का, बदल्यात तुला याहून चांगला घेऊन देते. मी म्हटलं, नाही. मग तिने विचारलं की कुठल्याच अटीवर नाही? मी म्हटलं, काही झालं तरी नाही. ज्याला कोणतीच अट नाही असा नकार तिने पहिल्यांदा ऐकला असावा.

मग मी तिला सांगितलं की आमच्याकडे डबा रिकामा परत देत नाहीत, निदान चार दाणे साखर तरी घालतात. शेवटच्या दिवशी तिने स्वतः बिस्किटं भाजून आणली आणि डबा काठोकाठ भरला. अंडं घातलं नव्हतं. आमच्या घरात अंडं चालत नाही हे मी कधी सांगितलं होतं आठवत नाही, पण तिने लक्षात ठेवलं होतं.

घरी आले तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. वॉशिंग मशीनवरच्या चिठ्ठ्या गळून पडल्या होत्या. सासूबाईंनी तांब्याभर पाणी दिलं, किती वाळले म्हणून माझ्याकडे बघितलं, आणि काही न विचारता स्वयंपाकघरात जाऊन परत आल्या. बॅग उघडायची वाट बघत होत्या. मी डबा काढून दिला. त्यांनी बिस्किटं ताटात ओतली, एकाचा तुकडा मोडून तोंडात टाकला, गोड कमी आहे म्हणाल्या. मग डबा धुतला, पदराने पुसला, उलटा केला आणि खिडकीपाशी उजेडात धरून तळाचं नाव वाचलं. एक-एक अक्षर, बोट फिरवत.

मांडणीवर तिसऱ्या आणि पाचव्या डब्याच्या मधे जागा तशीच रिकामी होती. आठ आठवड्यांत तिथे वाटीसुद्धा ठेवलेली नव्हती.

'आपलाच हाय,' म्हणाल्या, आणि डबा जागेवर ठेवला.